दीड व्होल्ट आणि पन्नास अँपिअर

भिंतीवरच्या घड्याळात आपण एक पेन्सिल सेल घालतो ना, त्याचा दाब असतो दीड व्होल्ट. बोट लावलं तरी काही कळत नाही, इतका बारका. आता दुसरा आकडा ऐका : ५० अँपिअर. घरातला गीझर, इस्त्री, मिक्सर, फ्रिज, सगळे पंखे आणि सगळे दिवे एकदम लावले, तरी एवढा प्रवाह सहसा लागत नाही.

आणि हे दोन आकडे एकाच टेबलावर, एकाच वेळी, एकाच वायरीत सापडतात! विजेची वायर तपासायच्या प्रयोगशाळेत गेलात तर दिसेल : दहा मीटर वायर पसरून ठेवलेली, तिच्यातून ५० अँपिअर वाहताहेत, वायर हळूहळू तापते आहे, आणि तिच्या दोन टोकांमधला दाब मोजला तर जेमतेम दीड व्होल्ट. त्याहून मोठी गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप भिंतीतल्या साध्या प्लगवर चाललेला असतो. वीज लागते एका छताच्या पंख्याएवढी.

हे कसं जमतं? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण याचं उत्तर शोधताना विजेबद्दलचा एक मोठा गैरसमज गळून पडतो. ‘जास्त प्रवाह हवा तर जास्त व्होल्ट हवेत’ असं आपल्याला वाटत असतं. तसं काही नाही. किती व्होल्ट हवेत, हे वाट ठरवते. वाट अवघड असेल तर भरपूर व्होल्ट लावूनही प्रवाह थेंबभरच वाहतो. वाट सोपी असेल तर चिमूटभर व्होल्ट पुरतात. आणि तांब्याच्या जाड वायरीइतकी सोपी वाट विजेला दुसरीकडे क्वचितच मिळते.

पण आधी हे तर पाहू, की वायरीतून एवढा प्रवाह सोडायचाच कशाला?

घरी इलेक्ट्रिशियन काका येतात तेव्हा त्यांचं बोलणं नीट ऐका. ‘दिव्यांना दीडची टाकू, गीझरला अडीचची, एसीला चारची’, असं ते म्हणतात. हे आकडे म्हणजे वायरीतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. मीटरपासून घरापर्यंत येणारी मेन वायर बऱ्याच ठिकाणी सहाची असते. वायरीच्या अंगावर बारीक अक्षरांत हा आकडा छापलेला असतो. त्याच्याच शेजारी ‘११०० व्होल्ट’ असंही सापडेल. हे व्होल्ट सांगतात वरच्या प्लास्टिकच्या आवरणाबद्दल : एवढा दाब ते न फुटता अडवून धरेल. त्या प्लास्टिकची परीक्षा वेगळी होते, आणि तिच्यात खरोखरच हजारो व्होल्ट लावतात.

अँपिअरची परीक्षा मात्र तांब्याची असते. तांब्यातून प्रवाह गेला की तांबं तापतं. घरातल्या साध्या वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या रोजच्या वापरासाठी असतं. त्याच्या वर तापत राहिलं तर ते मऊ पडतं, कडक होऊन तडकतं, वास मारायला लागतं, आणि शेवटी एका तारेचं तांबं दुसऱ्या तारेच्या तांब्याला टेकतं. मग ठिणगी, मग आग. म्हणून वायर बनवणाऱ्यांना आणि बसवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळायला हवी : किती अँपिअरला ही वायर किती तापते? हवेत मोकळी असताना किती? आणि भिंतीतल्या पाइपात आणखी पाच वायरींच्या गर्दीत कोंबली की किती? एकच वायर, एकच प्रवाह, पण गर्दीत ती कितीतरी जास्त तापते, कारण उष्णतेला बाहेर पडायला जागाच उरत नाही. वायरीचे अँपिअर एका आकड्यात सांगता येत नाहीत ते यामुळेच.

वायर प्रवाहाने तापते किती, याचा नियम इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड गावातल्या जेम्स जूल या तरुणाने शोधला. घरची दारूची भट्टी, आणि याला नाद प्रयोगांचा. पाण्याच्या भांड्यात तारेचं वेटोळं बुडवायचं, प्रवाह सोडायचा आणि पाणी किती तापलं ते थर्मामीटरवर बघायचं. १८४१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने निष्कर्ष छापला : प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. बघा, म्हणजे वायरीवर थोडासा जास्त भार टाकला तरी तापणं केवढं वाढतं!

ठीक. तपासायचं तर आहे. आता आपल्यापुढे आहे सहाच्या वायरीचा दहा मीटरचा तुकडा, आणि त्यातून सोडायचे आहेत ५० अँपिअर.

सगळ्यात सरळ मार्ग कोणता? वायर २३० व्होल्टच्या लाइनला जोडायची आणि तिच्या पुढे काहीतरी खाणारं यंत्र लावायचं. २००० वॉटचा एक गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो. मग असे सहा गीझर लावले की झाले ५० अँपिअर. पण जरा हिशोब करा. सहा गीझर म्हणजे १२ हजार वॉट, तासाला १२ युनिट वीज. वायर पूर्ण तापून तिचं तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि आवरणाचं म्हातारपण बघायचं असेल तर वायर कित्येक दिवस तापत ठेवावी लागते. एका दिवसाला २८८ युनिट! आणि ती वीज जाते कुठे? जवळजवळ सगळी गीझरमधलं पाणी उकळण्यात. वायरीच्या वाट्याला येतो त्यातला दीडशेवा भाग.

तो कसा काढला? सहाच्या वायरीच्या एका मीटरचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, असतो सुमारे ०.००३१ ओहम. दहा मीटरचा झाला ०.०३१ ओहम. ओहमचा नियम शाळेत शिकलात ना, व्होल्ट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. ५० गुणिले ०.०३१, म्हणजे साधारण दीड व्होल्ट! वायरीला ५० अँपिअर वाहून न्यायला फक्त एवढाच दाब लागतो. बाकीचे २२८ व्होल्ट गीझरसाठी होते. आणि दीड व्होल्ट गुणिले ५० अँपिअर म्हणजे ७५-७७ वॉट. तोच तो छताचा पंखा.

मग गीझर काढून टाकू! वायरीला हवा तेवढाच दाब देऊ. दीड व्होल्ट द्या, ५० अँपिअर घ्या.

इथे तुमच्यातला कोणीतरी हुशार हात वर करणार : मग पेन्सिल सेलच जोडू की! त्याचा दाब दीड व्होल्टच आहे. प्रश्न एकदम बरोबर आहे, पण सेलच्या पोटातही एक रोध दडलेला असतो, आणि तो आपल्या वायरीच्या रोधाच्या कित्येक पट असतो. सेल स्वतःच्याच पोटात अडकतो. त्याच्यातून काही अँपिअर निघतील, तेही थोडाच वेळ, आणि तो तापून निकामी होईल. आपल्याला असा दीड व्होल्ट हवा, ज्याच्या पोटातला रोध वायरीपेक्षाही कमी आहे.

तो देतो ट्रान्सफॉर्मर. सरकारी कागदात रोहित्र आणि गावात सगळे ज्याला डीपी म्हणतात, तोच. खांबावरचा डीपी हजारो व्होल्ट आत घेतो आणि घरांसाठी कमी व्होल्ट बाहेर देतो. आपल्याला त्याचाच छोटा भाऊ हवा, पण जरा टोकाचा : आत २३० व्होल्ट, बाहेर दीड.

ट्रान्सफॉर्मरच्या पोटात असतं तरी काय? लोखंडाची एक कडी, म्हणजे पोलादाच्या पातळ पट्ट्यांची घट्ट गुंडाळी, आणि तिच्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी. एका वेटोळ्याचा दुसऱ्याला स्पर्शही नसतो. २९ ऑगस्ट १८३१ या दिवशी मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अशीच लोखंडी कडी घेतली होती आणि एका बाजूच्या वेटोळ्यात प्रवाह सुरू-बंद केला की दुसऱ्या बाजूची सुई हलते, हे पाहिलं होतं. ती कडी आजही तिथे जपून ठेवली आहे. मधला दुवा चुंबकाचा. पहिलं वेटोळं कडीत चुंबकत्व उभं करतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी, त्यामुळे ते चुंबकत्वही सतत बदलतं. आणि बदलतं चुंबकत्व ज्या-ज्या वेढ्यातून जातं, त्या प्रत्येक वेढ्यात सारखाच दाब निर्माण करतं.

हे ‘प्रत्येक वेढ्यात सारखाच’ फार महत्त्वाचं आहे हं. समजा आपण पहिल्या बाजूला बारीक तारेचे ४५० वेढे घातले आणि त्यांना २३० व्होल्ट दिले. म्हणजे वेढ्यामागे साधारण अर्धा व्होल्ट. आता त्याच कडीवर जाड केबलचे फक्त तीन वेढे मारा. तीन वेढ्यांचे झाले दीड व्होल्ट. तयार!

आणि प्रवाहाचं काय? इथे हिशोब दुकानदाराच्या गल्ल्यासारखा चालतो. शंभराची नोट मोडली की रुपयाची शंभर नाणी येतात. नाणी पुष्कळ दिसतात, पण पैसे तेवढेच. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट मोडून अँपिअर देतो. बाहेर दीड व्होल्टने ५० अँपिअर निघत असतील तर आत २३० व्होल्टने फक्त एक तृतीयांश अँपिअर पुरतो. व्होल्ट दीडशेपट घटले, अँपिअर दीडशेपट वाढले. वॉट तेवढेच राहिले. थोडी वीज कडी तापण्यात जाते खरी, पण ती किरकोळ.

जाड केबल का, तेही लक्षात आलं असेल. त्या तीन वेढ्यांतूनही तेच ५० अँपिअर वाहणार. ते बारीक तारेचे असते तर वायर तपासण्याऐवजी ट्रान्सफॉर्मरच तापून बसला असता. अशा कामाच्या मोठ्या यंत्रांत तर बाहेरच्या बाजूला तारच नसते, हाताएवढ्या रुंद तांब्याच्या पट्ट्या असतात.

बरं, हा उलटा खेळ पहिल्यांदा कोणाला सुचला असेल? त्याची एक झकास गोष्ट आहे.

एलिहू थॉमसन नावाचा एक तरुण अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये शिकवायचा. जन्म मँचेस्टरचा, पण लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेला आलेला. १८७७ च्या सुरुवातीला, तेव्हा त्याला चोविसावं वर्ष होतं, तो तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विजेवर व्याख्यानं देत होता. त्या काळी व्याख्यानात हमखास टाळ्या घेणारं उपकरण म्हणजे इंडक्शन कॉइल. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या तारेचे हजारो वेढे. जाड बाजूला बॅटरी लावायची, की बारीक बाजूने लांबलचक ठिणग्या उडतात! कमी व्होल्टचे प्रचंड व्होल्ट. सगळे ती अशीच वापरायचे.

थॉमसनला वाटलं, उलटं करून पाहू. त्याने लायडन जारमध्ये, म्हणजे वीज साठवायच्या काचेच्या बरणीत, भरपूर दाबाची वीज साठवली आणि ती बारीक बाजूने आत सोडली. जाड तारेची दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली होती. ठिणगी उडाली. आणि नंतर पाहतो तर ती दोन टोकं चिकटून बसलेली. डिंक नाही, डाख नाही, भट्टी नाही. व्होल्ट मोडून एवढा प्रवाह बाहेर पडला होता, की जिथे टोकं टेकली होती तिथलं तांबं क्षणात वितळून एकजीव झालं होतं.

तिथेच दुसरा कोणी असता तर त्याने टोकं ओढून वेगळी केली असती आणि पुढच्या ठिणगीकडे वळला असता. थॉमसनने ते लक्षात ठेवलं, पुढे त्याचं यंत्र केलं आणि १८८६ साली विजेच्या वेल्डिंगचं पेटंट मिळवलं. आज मोटारीचे पत्रे ज्या स्पॉट वेल्डिंगने जोडतात, ते त्याचंच नातवंड : दाब काही थोडे व्होल्ट, प्रवाह हजारो अँपिअर. आपलं वायर तपासणारं यंत्रही त्याच घराण्यातलं, फक्त शांत स्वभावाचं. त्याला वितळवायचं नसतं, तापवायचं असतं.

अर्थात मुद्दाम वितळवून पाहणारे लोकही होते! ब्रिटनच्या पोस्ट खात्यातले विद्युत अभियंता विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात वेगवेगळ्या धातूंच्या, वेगवेगळ्या जाडीच्या तारा घेऊन त्या किती अँपिअरला वितळतात ते मोजलं. त्यांना चांगली वितळतार बनवायची होती, म्हणजे फ्यूज. त्यांच्या सूत्राप्रमाणे १ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार मोकळ्या हवेत ८० अँपिअरच्या आसपास वितळते. तेवढ्याच जाडीची लोखंडाची तार २५ अँपिअरला, आणि कथलाची तर १३ अँपिअरलाच. तांबं किती खमकं आहे पाहा.

आता आपल्या टेबलाकडे परत येऊ, कारण खरी कसरत पुढेच आहे.

भिंतीतला प्लग आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मध्ये एक गोल बटणाचं जड यंत्र ठेवतात. त्याला बाजारात डिमरस्टॅट म्हणतात. बटण फिरवलं की २३० व्होल्टचे शून्यापासून हवे तेवढे व्होल्ट करता येतात. म्हणजे वायरीतला प्रवाह शून्यापासून हळूहळू चढवता येतो. ५० अँपिअर झाले की थांबायचं.

पण ५० झाले हे कळणार कसं? त्यासाठी असतो टाँग टेस्टर. खेकड्याच्या नांगीसारखे त्याचे जबडे उघडायचे आणि वायरीभोवती मिटायचे. वायर कापायची नाही, सोलायची नाही. नुसतं कवेत घेतलं की पडद्यावर अँपिअर दिसतात. त्या जबड्यांच्या आत काय असतं माहितीये? लोखंडाची कडी आणि तिच्यावर बारीक तारेचे पुष्कळ वेढे. मधून जाणारी आपली वायर म्हणजे एक वेढा. हासुद्धा ट्रान्सफॉर्मरच, फक्त उलट दिशेने चालणारा : मोठ्या प्रवाहाचा ठरावीक प्रमाणात छोटा प्रवाह करून तो मोजणारा. ज्या युक्तीने प्रवाह वाढवला, त्याच युक्तीने तो मोजला. मला तर हे फार सुंदर वाटतं.

कडीच्या भोकातून एकदा आरपार गेलेली वायर एक वेढा धरली जाते, यातून आणखी एक चकित करणारी गोष्ट निघते. जमिनीखालून जाणाऱ्या मनगटाएवढ्या केबल तपासायच्या असतात तेव्हा त्यांना पाचशे, हजार अँपिअर द्यावे लागतात. एवढा प्रवाह बाहेरून जोडायचा म्हणजे जोडच सांभाळता येत नाहीत. मग काय करतात? ४५० वेढ्यांसारखे वेढे घातलेल्या कड्या घेतात आणि केबल त्यांच्या भोकातून ओवतात. केबलची दोन टोकं एकमेकांना जोडून तिचं एक मोठं कडं करतात. बस! केबल स्वतःच ट्रान्सफॉर्मरचं दुसरं वेटोळं झाली. तिला कुठलाही प्लग जोडलेला नाही, बाहेरची एकही तार तिच्या तांब्याला शिवत नाही, आणि तिच्यातून शेकडो अँपिअर गोल-गोल फिरताहेत. दाब कमी पडला तर आणखी एक कडी ओवायची. अशा केबलींना काही तास गरम, काही तास गार, पुन्हा गरम, पुन्हा गार असं खूप दिवस छळतात आणि त्यांचे जोड टिकतात का ते पाहतात.

जोड. या सगळ्या कामातला खरा शत्रू तोच आहे.

आपल्या दहा मीटर वायरीचा सगळा मिळून रोध ०.०३१ ओहम. वायरीचं टोक तांब्याच्या पट्टीला बोल्टने आवळलं, पण जरा सैल राहिलं, किंवा मध्ये काळपट थर राहिला, तर त्या एका जोडाचाच रोध ०.०१ ओहम सहज होऊ शकतो. म्हणजे तीन मीटर वायरीएवढा अडथळा एका नखाएवढ्या जागेत! ५० अँपिअरला तिथे २५ वॉट उष्णता निघते. शाळेच्या प्रयोगशाळेतली डाख द्यायची छोटी सोल्डरिंग आयर्न असते ना, ती असते २५ वॉटची. तेवढी धग त्या जोडावर तासनतास. आणि प्रवाह ५०० अँपिअर असता तर? जूलच्या नियमाने शंभरपट, अडीच हजार वॉट. म्हणून तपासणारे लोक टोकांवर तांब्याच्या टोप्या (लग) दाबून बसवतात, पृष्ठभाग घासून लख्ख करतात, बोल्ट नीट आवळतात. गीझरच्या प्लगची एखादी पिन काळी पडलेली तुम्ही पाहिली असेल. तिथेही नेमकं हेच झालेलं असतं : सैल पकड, बारीकसा रोध, आणि पावणेनऊ अँपिअरची रोजची धग.

बरं, जोडांचा रोध मध्ये लुडबुडत असताना वायरीचा खरा रोध मोजायचा कसा? त्याला चार तारांची युक्ती आहे. दोन जाड तारा बाहेरच्या टोकांना, प्रवाह आणायला आणि न्यायला. आणि दोन बारीक तारा त्यांच्या आतल्या बाजूला, थेट वायरीच्या अंगाला, फक्त व्होल्ट मोजायला. बारीक तारांतून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून त्यांच्या जोडांवर दाब वाया जात नाही. टोकाच्या जोडांवर काय व्हायचं ते होवो, आतला आकडा फक्त वायरीचाच येतो.

आणि हा आकडा नुसता रोधच सांगत नाही, तापमानही सांगतो! तांबं एक अंशाने तापलं की त्याचा रोध साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांची वायर ७० अंशांवर गेली की रोध जवळजवळ २० टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणजे आवरणाच्या आत, जिथे थर्मामीटर खुपसता येत नाही तिथलं तापमान तांबं स्वतःच सांगतं. सुरुवातीला दीड व्होल्ट पुरत होते, वायर तापल्यावर त्याच ५० अँपिअरला सुमारे १.८५ व्होल्ट लागतात. म्हणून शहाणा माणूस ट्रान्सफॉर्मरवर तीनऐवजी चार वेढे मारतो आणि डिमरस्टॅट थोडा मागे ठेवतो.

याच प्रकारच्या यंत्रावर घरातल्या एमसीबीची, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटणाचीही परीक्षा होते. १६ अँपिअरच्या एमसीबीतून त्याच्या १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअर वाहू लागले, तर त्याने तासाभराच्या आत पडलंच पाहिजे असा नियम आहे. पण तासभर तर ते २३ अँपिअर वायरीला सोसावे लागू शकतात ना? म्हणून वायर आणि एमसीबी यांची जोडी जमते का, हेही बघावं लागतं.

आता पुन्हा जोडाकडे येऊ. एवढ्याशा जोडाने केवढा घोटाळा होऊ शकतो, याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सांगतो. जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं एक यंत्र आहे, लार्ज हॅड्रॉन कोलायडर. त्यातल्या चुंबकांच्या तारा अतिवाहक असतात. अतिथंड हेलियममध्ये त्यांचा रोध शून्य होतो. १९ सप्टेंबर २००८ ला तिथे प्रवाह चढवत चढवत ८७०० अँपिअरपर्यंत नेला, आणि दोन चुंबकांमधला एक जोड दगा देऊन गेला. नंतर हिशोब केला तेव्हा त्या जोडाचा रोध निघाला सुमारे २२० नॅनोओहम. एका ओहमचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातले २२० घ्या! ८७०० अँपिअरला एवढ्या रोधावर दाब पडतो एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट, बस. आणि उष्णता १६-१७ वॉट, एलईडी ट्यूबलाइटएवढी. पण उणे २७१ अंशांच्या थंडीत तेवढीही पुरेशी होती. जोड तापला, तुटला, ठिणगीने हेलियमच्या भांड्याला भोक पडलं, टनावारी हेलियम बाहेर आलं. दुरुस्तीसाठी ५३ चुंबकं वर जमिनीवर आणावी लागली आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. त्यानंतर तिथे प्रत्येक जोडाचा नॅनोओहममधला रोध बारकाईने मोजायची व्यवस्था केली गेली. तीही व्होल्ट मोजूनच.

एक प्रश्न तुमच्या मनात केव्हाचा असणार. ५० अँपिअरच्या वायरीला हात लावला तर शॉक बसेल का? आपल्या कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. दीड व्होल्ट त्यातून नावापुरताही प्रवाह ढकलू शकत नाहीत. सगळे ५० अँपिअर तांब्यातूनच जातात. पण हे वाचून हात पुढे करू नका! वायर आणि जोड भाजण्याइतके तापलेले असू शकतात. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर काम करताना मेकॅनिक बोटातली अंगठी काढून ठेवतात, ती याच कारणाने. अंगठी पाना आणि पत्र्याच्या मध्ये अडकली तर क्षणात लाल होते. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या बाजूला खरेखुरे २३० व्होल्ट असतात, आणि ते जीव घेतात. जुन्या मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून असलं यंत्र बनवणारे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सुमारे २००० व्होल्टची बाजू असते. त्याच्या वाटेला मुळीच जायचं नाही. हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या जाणत्या माणसांचाच.

कागद-पेन्सिलीचा प्रयोग मात्र तुमचाच. अडीचच्या वायरीच्या एका मीटरचा रोध असतो ०.००७४ ओहम. तुमच्यापुढे अशी ४ मीटर वायर आहे आणि तिच्यातून २५ अँपिअर सोडायचे आहेत. कडीवर वेढ्यामागे अर्धा व्होल्ट मिळतो. जोड अगदी लख्ख आहेत असं धरा. जाड केबलचे किती वेढे माराल? आणि वायर २० अंशांवरून ७० अंशांवर गेली, तर तेवढेच वेढे पुरतील का?